विद्यापीठात विज्ञान शिकवणं सुधारायचं तर धरायचं कुठून? (बोल्डर, व्हँकुव्हर आणि आपली बीएस्सी)

खडूचा_तुकडा

'हल्ली बीएस्सीला जातं कोण' या धाग्यावर बराच धुरळा उडाला. दर दोन प्रतिसादांआड एकच पालुपद होतं, की आता पूर्वीसारखे शिक्षक राहिले नाहीत. तिथे लिहिलं असतं तर वाहून गेलं असतं, म्हणून वेगळा धागा काढते. माझं म्हणणं असं आहे की चांगला शिक्षक मिळणं हा यातला छोटा भाग आहे. विद्यापीठाचा विभाग आपल्या शिकवण्याकडे संशोधनाचा विषय म्हणून बघतो की नाही, यावर जास्त अवलंबून असतं. ज्या ठिकाणी हे जवळून पाहिलं तिथलंच लिहिते.

अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर कॅम्पसवर मी भौतिकशास्त्रात पीएचडी केली आणि टीए (टीचिंग असिस्टंट, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखाली शिकवणारा संशोधक विद्यार्थी) म्हणून शिकवलंही. याच गावात कार्ल वायमन आणि एरिक कॉर्नेल यांनी १९९५ मध्ये रुबिडियमचे अणू निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेऊन बोस-आइनस्टाइन कंडेन्सेट (सगळे अणू एकाच अवस्थेत जाऊन जणू एकच असल्यासारखे वागतात, ती अवस्था) बनवलं. २००१ मध्ये त्या दोघांना वोल्फगांग केटर्ले यांच्यासोबत नोबेल मिळालं. ज्यांच्या नावाने ते कंडेन्सेट ओळखतात ते बोस आपले सत्येंद्रनाथ, हे इथे सांगायला नकोच.

वायमनना बरीच वर्षं एक गोष्ट खटकत होती. त्यांच्या प्रयोगशाळेत येणारी पोरं कोर्समध्ये अव्वल असायची, पण संशोधनाला हात घातला की सुरुवातीला गोंधळून जायची. तीच पोरं दोन-चार वर्षं प्रयोगशाळेत घासली की तयार व्हायची. म्हणजे इतकी वर्षं वर्गात बसून जे झालं नाही ते प्रयोगशाळेत होत होतं. मग वर्गात नेमकं होतं काय, हा प्रश्न त्यांनी अणूंच्या प्रश्नासारखाच हाताळायचा ठरवला: मोजा, बदल करा, परत मोजा. २००२ मध्ये त्यांनी फेट हा सिम्युलेशनचा (संगणकावर करायच्या आभासी प्रयोगांचा) प्रकल्प सुरू केला आणि नोबेलच्या पैशातला काही भाग त्यात घातला.

मला मात्र सगळ्यात आवडलेली गोष्ट नोबेलवाल्यांची नाही, एलएंची आहे. एलए म्हणजे लर्निंग असिस्टंट. २००३ च्या सुमारास व्हॅलरी ओटेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत बोल्डरला सुरू केली. एखादा कोर्स नीट पार पाडलेली पदवीचीच मुलं पुढच्या सत्रात त्याच कोर्सला मदतनीस म्हणून परत येतात. त्यांना थोडं मानधन मिळतं. आठवड्यातून एकदा प्राध्यापकांबरोबर बसून पुढच्या आठवड्याचा भाग ती पुन्हा सोडवतात. शिवाय शिक्षणशास्त्राच्या एका वर्गाला बसतात. मुलं विचार कशी करतात, प्रश्न कसा विचारावा, गप्प बसलेल्याला बोलतं कसं करावं, हे तिथे शिकतात. यातून काही जण पुढे शाळेत विज्ञानशिक्षक व्हावेत, हाही हेतू होताच.

आमच्या ट्युटोरियलला चार-चारच्या गटात मुलं बसायची. वर्कशीट सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लिलियन मॅकडरमॉट यांच्या गटाने तयार केलेली. एक टीए आणि एक-दोन एलए टेबलांमधून फिरायचे. टीए मंडळींना, त्यातही आपल्याकडून गेलेल्यांना, उत्तर सांगून मोकळं व्हायची फार घाई. एकोणीस वर्षांचा एलए मात्र शांतपणे विचारायचा, "तुला असं का वाटतं?" आणि पुढच्या टेबलाकडे निघून जायचा. ती चार मुलं आपापसात भांडून उत्तरापर्यंत पोचायची. नुकताच त्याच खड्ड्यातून बाहेर आलेल्याला खड्डा कुठे आहे ते आठवत असतं. प्राध्यापकांना तो दिसेनासा झालेला असतो.

पुढे २००६ मध्ये बोल्डरला आणि २००७ पासून कॅनडात व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात (यापुढे यूबीसी) वायमननी मोठा उपक्रम चालवला. त्यात पैसे एकट्या हौशी प्राध्यापकाला मिळत नव्हते, संपूर्ण विभागाला मिळायचे, तेही स्पर्धेतून. त्यातून विभागाने त्याच विषयात पीएचडी झालेले तरुण नेमायचे, त्यांना शिकण्याच्या संशोधनाचं प्रशिक्षण द्यायचं आणि मूळ प्राध्यापकांच्या जोडीने एकेक कोर्स बदलायला घ्यायचा. प्रश्न तीनच. विद्यार्थ्याला काय यायला हवं? आत्ता खरोखर काय येतं? कसं शिकवलं तर ते वाढेल? दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त झोंबतो.

२०११ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आलेला यूबीसीचा प्रयोग गाजला. पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राच्या दोन तुकड्या, प्रत्येकी सुमारे २७० मुलं. एका तुकडीला मुलांचा आवडता, अनुभवी प्राध्यापक. दुसरीला एका आठवड्यापुरता नवखा पोस्टडॉक, म्हणजे नुकताच पीएचडी झालेला संशोधक. तो व्याख्यान जवळपास देतच नव्हता. मुलं आधी वाचून यायची, वर्गात प्रश्न पडायचा, शेजाऱ्याशी चर्चा, क्लिकरवर (मत नोंदवायच्या हातातल्या रिमोटवर) मत, मग खुलासा. आठवड्याअखेर दोघांना एकच चाचणी दिली. अनुभवी प्राध्यापकांच्या तुकडीची सरासरी ४१ टक्के आली, नवख्याच्या तुकडीची ७४.

आता झोडा.

निवांत_मास्तर

झोडतोच. उभी हयात फळ्यासमोर गेली, त्यामुळे हक्क आहे असं समजतो.

एक आठवड्याचा प्रयोग! नवा गडी, नवा खेळ, मुलं खूश. नव्याची नवलाई नऊ दिवस, आणि यांनी मोजली सातव्या दिवशी. शिवाय चाचणी कोणी काढली? ज्यांना नवी पद्धत जिंकून हवी होती त्यांनीच. आमच्या वेळी एकेका सरांचं व्याख्यान ऐकायला दुसऱ्या कॉलेजची मुलं येऊन मागे उभी राहायची. ती पिढी गटागटाने गप्पा मारून तयार झाली नाही.

शेवटचा_बाक

टीवायला आहे. सरांनी व्याख्यान दिलं तरी चालेल हो, सध्या पीपीटी वाचून दाखवतात.

मुक्काम_सांगोला

वाचतोय. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

खडूचा_तुकडा

@निवांत_मास्तर, दोन्ही आक्षेप तेव्हाही घेतले गेले आणि ते रास्तच आहेत. एका आठवड्यावर मी विसंबले नसते. पण १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी ६२ कोर्समधल्या सहा हजारांवर मुलांचे निकाल एकत्र केले होते. सगळ्यांना यांत्रिकीची जवळपास एकच बहुपर्यायी चाचणी, कोर्सच्या आधी आणि नंतर. सुरुवातीला जे येत नव्हतं त्यातलं किती भरून निघालं, हे त्यांनी काढलं. व्याख्यानाच्या १४ कोर्समध्ये सरासरी ०.२३. मुलांना बोलतं-करतं ठेवणाऱ्या ४८ कोर्समध्ये ०.४८. हे कोर्स संपूर्ण सत्रांचे होते, आठवड्याचे नव्हते.

२०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन वगैरेंनी विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीतले २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले. व्याख्यानी वर्गांत नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के, दुसऱ्या प्रकारच्या वर्गांत २१.८. नवलाई इतकी टिकत असेल तर ती पद्धतच म्हणायची.

आणि ज्यांचं व्याख्यान ऐकायला दुसऱ्या कॉलेजची मुलं यायची त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. फक्त, मागे उभ्या राहिलेल्यांपैकी किती जणांना काय कळलं हे तेव्हा कोणी मोजलं नव्हतं. हार्वर्डचे एरिक माझूर असेच लोकप्रिय, विद्यार्थ्यांकडून उत्तम शेरे मिळवणारे. त्यांनी ही वर सांगितलेली चाचणी आपल्या वर्गाला दिली. ट्रक आणि छोट्या गाडीची टक्कर झाली तर कोण कुणावर जास्त बल लावतो, अशा प्रकारचे प्रश्न, आकडेमोड शून्य. एका मुलीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू की मला स्वतःला वाटतं तशी? तिथून त्यांनी शेजाऱ्याशी चर्चा करण्याची पद्धत सुरू केली.

व्हँकुव्हरचा_पाऊस

माझी लेक यूबीसीत होती म्हणून लिहितेय. पहिल्या सत्रात घरी येऊन रोज तक्रार. "आई, प्रोफेसर काही शिकवतच नाहीत. सगळं आम्हीच करायचं, मग फी कशाची?" मला पण पटायचं! आपण फी भरतो ते कोणीतरी उभं राहून सांगावं म्हणून, अशीच आपली समजूत. वार्षिक निकाल चांगला लागला तरी तिचं मत बदललं नव्हतं, हे विशेष.

खडूचा_तुकडा

ताई, तुमच्या लेकीच्या तक्रारीवर हार्वर्डमध्ये अख्खा अभ्यास झालाय, २०१९ मध्ये. मुलांना आलटून पालटून दोन्ही प्रकारे शिकवलं, मजकूर तोच. चाचणीत चर्चेच्या वर्गातली मुलं पुढे. पण 'तुम्ही किती शिकलात असं वाटतं' असं विचारलं तर व्याख्यानवाल्यांना वाटत होतं की आपण जास्त शिकलो. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि स्वतः अडखळत सोडवताना आपण ढ आहोत असं. ज्या कॉलेजात विद्यार्थ्यांच्या फीडबॅक फॉर्मवर शिक्षकाचं भवितव्य ठरतं तिथे याचा परिणाम काय होईल, ते बघा.

सीएचबीवाला

हे शेवटचं वाक्य आमच्या जखमेवर. तासिका तत्त्वावर शिकवतो, नावात आहेच. वर्गात पटावर शंभराच्या वर, हजर पन्नास-साठ. बाकं जमिनीला ठोकलेली, त्यामुळे चार-चारचे गट फक्त कल्पनेत. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, पेपर विद्यापीठाचा, तपासणी तिसऱ्याच कॉलेजात. पहिल्या वर्षाचे प्रवेश लांबतात, सत्र आखडतं आणि आम्ही युनिट उरकतो. वायमन साहेबांनी पैसे विभागाला दिले, कारण विभागाच्या हातात काहीतरी होतं. आमच्या विभागाच्या हातात नॅकच्या (कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या संस्थेच्या) फायली आहेत.

तरी विचारतो, कारण धागा चांगला आहे: पैसे न लागता, परवानगी न लागता यातलं काय करता येईल?

निवांत_मास्तर

हा खरा प्रश्न. बाकी हार्वर्ड-बिर्वर्ड राहू द्या.

बायो_बाई

मला एक सुचतं. आमच्याकडे वर्गात बारावीपर्यंत मराठी माध्यमातून आलेली निम्मी मुलं. मी इंग्रजीत शिकवते, कारण पेपर इंग्रजीत. पण 'आता शेजारच्याशी बोला' म्हटलं की वर्ग क्षणात मराठीत जातो. काही बाकांवर अहिराणीत. जी मुलगी माझ्यासमोर तोंड उघडत नाही ती शेजारणीला 'अगं, मग ते पेशीच्या बाहेर का नाही जात?' असं विचारते. ऑस्मोसिसबद्दल त्या वर्गातला सगळ्यात चांगला प्रश्न तो होता. ही पद्धत आपल्याकडे अमेरिकेपेक्षा जास्त उपयोगी पडावी असं मला वाटतं, कारण तिथे भाषेची भिंत बहुतेकांना नाही.

२०२० मध्ये तिकडे एक मोठा आढावा आला होता. वंचित गटांतली मुलं आणि बाकीची यांच्या परीक्षेच्या गुणांतली दरी अशा वर्गांत साधारण एक तृतीयांशाने कमी झाली होती. अर्थात नुसतं 'चर्चा करा' म्हणून नाही, वर्गातला बराच वेळ खरोखर त्यात घातला तरच.

मानखुर्द_लोकल

सगळेच परदेशाचं बोलताहेत म्हणून घरचं सांगतो. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून आहे, टीआयएफआरचाच (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाच) भाग, मानखुर्दला. विज्ञानशिक्षणात पीएचडी करता येते तिथे. सुरुवातीच्या काळात व्ही. जी. कुलकर्णींच्या पुढाकाराने जळगाव जिल्ह्यात खिरोद्याला शाळांसोबत काम झालं होतं. मुंबई महापालिकेच्या शाळांतल्या दलित मुलांबरोबर काम करताना विज्ञानाआधी पुस्तकाची भाषाच आडवी येते, हेही त्यांना दिसलं. बायो_बाई म्हणताहेत ते आपल्याकडे तेव्हाच कळलेलं होतं.

मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ मध्ये शाळेतल्या विज्ञानाचा जो कार्यक्रम सुरू झाला त्यात दिल्ली विद्यापीठाची आणि टीआयएफआरची मंडळी गावात जाऊन शिक्षकांबरोबर बसायची. तीस वर्षं चालला. २००२ मध्ये सरकारने बंद केला.

मी स्वतः पदवीला असताना केंद्राच्या एनआययूएस शिबिराला गेलो होतो. पदवीच्या मुलांसाठीचा कार्यक्रम आहे, २००४ पासून. तिथे पहिल्यांदा कोणीतरी मला 'रीडिंग चुकलं' न म्हणता 'रीडिंग असं का आलं असेल?' असं विचारलं.

शेवटचा_बाक

आमच्याकडे रीडिंग चुकत नाहीत. g ची किंमत ९.८ आधीच ठरलेली असते, मागे जाऊन रीडिंग बसवायची. सीनियरचं जर्नल हेच आमचं सिम्युलेशन.

खडूचा_तुकडा

😀 तुझं वाक्य बोल्डरच्या लोकांना पाठवायला हवं. त्यांची एक प्रश्नावली आहे, ४२ विधानांची. भौतिकशास्त्राबद्दल तुमचं मत काय, एवढंच विचारतात. उदाहरणार्थ, 'गणित आलं की त्यातली अक्षरं असलेलं सूत्र शोधायचं आणि किंमती घालायच्या', हे पटतं का? सत्राच्या आधी आणि नंतर भरून घेतात. नेहमीच्या पहिल्या कोर्सनंतर बहुतेक ठिकाणी मतं तज्ज्ञांपासून आणखी लांब गेलेली निघाली. कोर्स करून विषयाची समज सोडा, विषय म्हणजे काय याचीच कल्पना बिघडली.

@सीएचबीवाला, बिनपैशाचं उत्तर देते, पण आधी एक प्रश्न. सगळ्यांनीच सोडवा, गूगल न करता. सारखे पाच बल्ब, तीन सारख्या आदर्श बॅटऱ्या. पहिल्या बॅटरीला एकच बल्ब, अ. दुसरीला ब आणि क एकसरीत. तिसरीला ड आणि इ समांतर. प्रकाशाच्या तीव्रतेनुसार क्रम लावा.

मुक्काम_सांगोला

अ सगळ्यात जास्त. मग ब, कारण करंट त्याला आधी मिळतो. मग क. ड आणि इ मध्ये करंट वाटला जातो म्हणून ते ब इतके.

शेवटचा_बाक

अ पहिला. बाकी चारही सारखे, निम्मे-निम्मे.

व्हँकुव्हरचा_पाऊस

कॉमर्सवाल्यांना सूट आहे का?

निवांत_मास्तर

अ, ड आणि इ सारखे आणि सर्वांत प्रखर. ब आणि क एकमेकांसारखे, मंद. ड आणि इ दोघांनाही बॅटरीचा पूर्ण व्होल्टेज मिळतो, तिथे वाटणी नाही. बॅटरी जास्त करंट देते. बॅटरी म्हणजे ठराविक करंटचा नळ नव्हे. आणि ब करंट 'खाऊन' टाकत नाही, जेवढा आत तेवढाच बाहेर. बीएस्सी पास झालेल्यांनी हे चुकवावं?

खडूचा_तुकडा

अगदी बरोबर. मॅकडरमॉट यांच्या गटाने हाच प्रश्न वीजमंडलं शिकून झालेल्या विद्यापीठातल्या मुलांना घातला. बरोबर उत्तर देणारे साधारण १५ टक्के. ओहमचा नियम सगळ्यांना पाठ. म्हणजे सांगोल्याची आणि टीवायची उत्तरं एकट्यादुकट्याची नाहीत. आणि मास्तर, तुम्ही आत्ता जे लिहिलंत ना, 'ठराविक करंटचा नळ नव्हे', तेच नेमकं त्या संशोधनातून हाती लागलं: मुलांच्या डोक्यात नेमकं काय बसलंय. तुम्हाला ते अनुभवाने माहीत आहे. त्यांनी ते मुलाखती घेऊन, वर्कशीट परत परत बदलून लिहून ठेवलं, म्हणून नवख्यालाही वापरता येतं. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा तुमच्याबरोबर हे सगळं घरी गेलं.

सीएचबीवाला, तर असा एक प्रश्न, तासाला एकच. आधी गप्प बसून मत द्यायचं: क्लिकर नकोत, छातीशी हात धरून एक ते चार बोटं, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाहीत. बहुतेकांचं बरोबर असेल तर पुढे चला. बहुतेकांचं चूक असेल तर आधी थोडं शिकवा. निम्मं-निम्मं असेल तेव्हाच 'शेजाऱ्याला पटवा' म्हणा, ठोकलेल्या बाकांवरही जमतं. मग परत बोटं. सगळी मेख प्रश्नात आहे, आणि असे तपासलेले प्रश्न तयार मिळतात.

निवांत_मास्तर

'घरी गेलं' हे लागलं. असो.

सिम्युलेशनबद्दल माझा विरोध कायम. तार सोलल्याशिवाय, हात भाजल्याशिवाय वीज कळत नाही.

खडूचा_तुकडा

मलाही तसंच वाटायचं. बोल्डरला नोआ फिंकलस्टाइन वगैरेंनी २००५ मध्ये पाहिलं: काही मुलांनी खरे बल्ब-तारा वापरल्या, काहींनी फेटचं सर्किटचं सिम्युलेशन. नंतर दोघांना खरंखुरं सर्किट जोडून समजावून सांगायला लावलं. सिम्युलेशनवाले त्यातही सरस ठरले. तिथे तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात आणि सैल क्लिपशी झटापट नसते. म्हणून प्रयोगशाळा बंद करा असं कोणी म्हटलेलं नाही. व्हर्निअर, सोल्डरिंग, मोजमापातली त्रुटी सिम्युलेशनवर येत नाही. फेटची बरीच सिम्युलेशन मराठीत आहेत, फुकट आहेत, मोबाइलवर चालतात.

बायो_बाई

एक विचारू? यूबीसीचे सगळे विभाग बदलले का?

खडूचा_तुकडा

नाही. काही विभागांनी बहुतेक कोर्स पालटले, भूविज्ञानवाल्यांचं नाव त्यात आवर्जून घेतात. काही ठिकाणी पैसे असूनही फारसं हललं नाही. विभागप्रमुख पाठीशी होता का, यावर बरंच ठरलं. वायमन यांचं स्वतःचं म्हणणं आहे की सगळ्यात मोठी आडकाठी म्हणजे विद्यापीठ शाबासकी कशाला देतं. बढती शोधनिबंधांवर, तर वेळही शोधनिबंधांनाच. या बाबतीत बोल्डर आणि आपली जिल्ह्याची कॉलेजं अगदी सख्खी भावंडं आहेत.

सीएचबीवाला

बोटांचं करून बघतो. एलएंचंही जमेल असं वाटतंय. एसवायची तीन-चार पोरं एफवायच्या प्रॅक्टिकलला आनंदाने येतील, मानधन म्हणून चहा. परीक्षेचं काय करता येईल? अंतर्गत चाचणी माझ्या हातात आहे.

खडूचा_तुकडा

यूबीसीत दोन टप्प्यांची परीक्षा बऱ्याच कोर्सना होते. आधी एकट्याने पेपर, गोळा करायचा. लगेच तोच पेपर, किंवा त्यातले अवघड प्रश्न, चौघांत मिळून एका कागदावर. बहुतेक गुण एकट्याच्या पेपरचे, थोडेसे गटाचे, आणि गटामुळे कुणाचे गुण खाली जाणार नाहीत असं बघतात. परीक्षा संपल्यावर मुलं व्हरांड्यात जी भांडणं करतात ती वर्गात आणायची, एवढंच.

निवांत_मास्तर

गटाच्या पेपराला गुण ठेवलेस तर एक लिहील आणि तिघं चहाला जातील. बिनगुणांचा ठेव. आणि बल्बचा प्रश्न टाकू नकोस, इथे फुटला. माझ्याकडचा घे: ओट्यावर रात्रभर दगडी वरवंटा आणि लाकडी पोळपाट पडून आहे, सकाळी दोन्हींना हात लावला. तापमान कुणाचं कमी?

शेवटचा_बाक

वरवंट्याचं. सोप्पंय.

निवांत_मास्तर

तुला असं का वाटतं?

मुक्काम_सांगोला

थांबा थांबा, थर्मामीटर आणतो.